फॉर्मॅटर आधी प्रोजेक्टमध्ये बसवा, मग एडिटरमध्ये

दुरुस्ती एका अटीची होती. 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा समान' हवं होतं, एवढंच. पण पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेला बदल) उघडली तर फाइल वरपासून खालपर्यंत लाल-हिरवी. सहकाऱ्याच्या एडिटरने सेव्ह करताना सगळे टॅब काढून स्पेस घातल्या होत्या. त्या रंगपंचमीत मी ती एक ओळ शोधली, बघितली, मंजुरी दिली. तिच्याखाली चार ओळींवर अजून एक बदल होता, चुकीचा, तो नजरेतून निसटला आणि दुसऱ्या दिवशी वापरकर्त्यांपर्यंत पोचला.

चूक कोणाची हे शोधताना कळलं की आमच्या टीममध्ये प्रत्येकाने फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा प्रोग्रॅम, लावलेला होता. पण प्रत्येकाने आपापल्या एडिटरमध्ये, आपापल्या पसंतीने. एकाचा दोन स्पेसचा, दुसऱ्याचा चारचा. म्हणजे फॉर्मॅटर नसण्यापेक्षा वाईट अवस्था. म्हणून या लेखात एडिटरकडे मी थोडं उशिरा वळणार आहे. कोड कसा दिसावा हा निर्णय प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवायचा असतो. एडिटरचं काम फक्त सेव्ह केल्यावर तो निर्णय अमलात आणण्याचं.

एक व्यवहाराची गोष्ट आधीच सांगतो. आज्ञा, फाइलींची नावं आणि सेटिंग्ज इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

फॉर्मॅटर नेमकं काय करतो

फॉर्मॅटर तुमचा कोड आधी वाचून त्याची रचना समजून घेतो, म्हणजे कोणतं फंक्शन कुठे सुरू होतं, कोणता कंस कोणाचा, हे सगळं एका झाडासारख्या आकृतीत मांडतो. मग तुम्ही दिलेल्या स्पेस आणि ओळी बहुतेक बाजूला ठेवून तो कोड स्वतःच्या नियमांनी नव्याने लिहून काढतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, फाइलमध्ये एखादा कंस उघडा राहिला तर फॉर्मॅटर सहसा काहीच करत नाही, कारण त्याला झाडच उभं करता येत नाही. "सेव्ह केलं तरी काही होत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. दुसरं, कोडचा अर्थ बदलेल ही भीती फारशी खरी नाही. पायथनचा ब्लॅक तर काम झाल्यावर जुन्या आणि नव्या कोडची झाडं ताडून बघतो आणि ती जुळली नाहीत तर फाइलला हात लावत नाही.

लिंटर वेगळा. न वापरलेलं व्हेरिएबल दाखवणं, धोकादायक तुलना पकडणं हे लिंटरचं काम. दोघांना एकाच कामाला जुंपलं की भांडणं सुरू होतात. एक अवतरणचिन्ह बदलतो, दुसरा ते चूक ठरवतो. जावास्क्रिप्टमध्ये ईएसलिंट आणि प्रेटियर एकत्र वापरत असाल तर 'ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर' हे पॅकेज टाका. ते ईएसलिंटचे दिसण्याबद्दलचे, प्रेटियरशी टक्कर होणारे नियम बंद करतं.

कोणता निवडायचा

गो आणि रस्ट वापरणाऱ्यांना निवड करावीच लागत नाही. गोसोबत 'गोएफएमटी' येतो आणि त्यात शैलीचे पर्याय जवळजवळ नाहीतच. माझ्या मते गोच्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी हा एक आहे. रस्टचा 'रस्टएफएमटी' ओळीची मूळ रुंदी १०० अक्षरांची धरतो. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, सीएसएस, एचटीएमएल, मार्कडाउन या सगळ्यांसाठी २०१७ साली आलेला प्रेटियर. त्याची मूळ रुंदी ८० आणि इंडेंटेशन दोन स्पेसचं. सी आणि सी++ साठी एलएलव्हीएम प्रकल्पाचा क्लँग-फॉर्मॅट. त्यात एलएलव्हीएम, गूगल, क्रोमियम, मोझिला, वेबकिट, मायक्रोसॉफ्ट, जीएनयू अशा तयार शैली आहेत. त्यातली एक घ्या आणि पुढे चला. तिथली शेकडो बटणं फिरवत बसण्यात आठवडा जातो.

पायथनसाठी ब्लॅक किंवा रफ. ब्लॅक २०१८ पासून आहे, रुंदी ८८. रफचा फॉर्मॅटर २०२३ मध्ये आला. तो रस्टमध्ये लिहिलेला असल्याने फार वेगवान आहे आणि त्याची शैली मुद्दाम ब्लॅकशी जुळवून ठेवलेली आहे. नवीन प्रोजेक्ट असेल तर मी रफ घेईन. जुन्यात ब्लॅक चालत असेल तर तो बदलण्याची घाई करू नका.

ब्लॅकची एक खुबी हाताशी ठेवण्यासारखी आहे. समजा एका यादीत तीन घटक आहेत आणि ते एका ओळीत मावतात, तर ब्लॅक ते एका ओळीत आणतो. पण तिसऱ्या घटकानंतर तुम्ही स्वल्पविराम ठेवलात, तर तो यादी उभी मांडतो, दर ओळीत एक घटक, आणि पुढेही तशीच राहू देतो. यादी पुढे वाढणार हे माहीत असेल तर तो एक स्वल्पविराम लिहून ठेवावा. उद्या चौथा घटक आला की डिफमध्ये (बदलांच्या यादीत) नेमकी एकच ओळ दिसते.

पहिली पायरी टर्मिनलवर

एडिटर बंद ठेवा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि फॉर्मॅटर तिथेच बसवा, संपूर्ण संगणकासाठी नव्हे. प्रेटियरसाठी 'एनपीएम इन्स्टॉल --सेव्ह-डेव्ह --सेव्ह-एक्झॅक्ट प्रेटियर'. यातला 'एक्झॅक्ट' महत्त्वाचा. त्याने आवृत्तीचा आकडा पक्का होतो. प्रेटियरची ३.० आवृत्ती २०२३ मध्ये आली तेव्हा शेवटच्या स्वल्पविरामाचा मूळ नियम बदलला. एकाकडे २ आणि दुसऱ्याकडे ३ असेल तर दोघांचं सेव्ह एकमेकांचं काम दिवसभर उलटवत राहतं. ब्लॅकची शैलीही दर वर्षाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत थोडी बदलू शकते, म्हणून पायथनच्या आभासी वातावरणात (प्रोजेक्टपुरत्या पॅकेजच्या वेगळ्या जागेत) बसवताना तिथेही आवृत्ती नेमकी लिहून ठेवा.

आता काही न बदलता नुसतं तपासा. 'एनपीएक्स प्रेटियर --चेक .' किंवा 'ब्लॅक --चेक .' चालवलं की नियमात न बसणाऱ्या फाइलींची नावं येतात. 'ब्लॅक --डिफ' त्याच्या पुढे जाऊन काय बदलेल तेही दाखवतो. हे टर्मिनलवर नीट चाललं की मगच पुढे जा. इथे अडलेली गोष्ट एडिटरमध्ये आपोआप सुटत नाही, उलट तिथे ती त्रुटीचा संदेशही न देता अडते.

नियमांची फाइल

प्रेटियरची 'डॉट प्रेटियरआरसी', ब्लॅक आणि रफसाठी 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल', क्लँगसाठी 'डॉट क्लँग-फॉर्मॅट'. ही फाइल प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवायची आणि गिटमध्ये कमिट करायची, म्हणजे तिची नोंद करायची. काहीच बदलायचं नसेल तरी रिकामी प्रेटियरआरसी ठेवा. या प्रोजेक्टमध्ये प्रेटियर चालतो हे एडिटरला तिच्यावरूनच कळतं. नियम जितके कमी तितकं बरं. आमच्याकडे रुंदीवर एकदा वाद झाला, मग पुन्हा कोणी काढला नाही.

सोबत 'डॉट एडिटरकॉन्फिग' ही छोटी फाइल हवीच. फॉर्मॅटरला न कळणाऱ्या फाइलींनाही ती लागू होते. वर 'रूट = ट्रू', मग सर्व फाइलींसाठी इंडेंटेशनची पद्धत, ओळीच्या शेवटाची खूण 'एलएफ' (लिनक्स-मॅकची पद्धत), फाइलच्या अगदी शेवटीही ती खूण, आणि ओळीअखेरच्या मोकळ्या स्पेस काढणं. दोन अपवाद आवर्जून घाला. मेकफाइलमध्ये आज्ञांच्या आधी टॅबच लागतो, तिथे स्पेस आल्या तर बिल्ड मोडतो. आणि मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटच्या दोन स्पेस म्हणजे ओळ तोडण्याची खूण असते, म्हणून तिथे मोकळ्या स्पेस काढणं बंद ठेवा.

विंडोज वापरणारे टीममध्ये असतील तर 'डॉट गिटअॅट्रिब्यूट्स'मध्येही ओळीचा शेवट एलएफ ठरवून द्या. नाहीतर विंडोजवर गिट फाइल उतरवताना ओळीचा शेवट बदलू शकतो, आणि मग प्रेटियरचा चेक एकही अक्षर न बदललेली फाइल नापास करतो.

व्हीएस कोड

एक्स्टेन्शनच्या पट्टीतून तुमच्या भाषेचं एक्स्टेन्शन बसवा, कोडची फाइल उघडा, माउसची उजवी कळ दाबा आणि 'फॉर्मॅट डॉक्युमेंट विथ' निवडा. यादीच्या तळाशी 'कॉन्फिगर डीफॉल्ट फॉर्मॅटर' आहे, तिथून एकच नाव ठरवा. ही पायरी बरेच जण गाळतात. एकाच भाषेसाठी दोन-तीन एक्स्टेन्शन असली की कोणतं वापरायचं हे व्हीएस कोडला ठरवता येत नाही आणि सेव्ह केल्यावर काहीच घडत नाही.

मग कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा. वर 'यूजर' आणि 'वर्कस्पेस' असे दोन टॅब दिसतील. वर्कस्पेसमध्ये जा, 'फॉर्मॅट ऑन सेव्ह' शोधा, टिक करा. वर्कस्पेसमध्येच का? कारण ती सेटिंग प्रोजेक्टमधल्या 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरात लिहिली जाते आणि कमिट करता येते. पुढच्या माणसाला ही टिक पुन्हा करावी लागत नाही. त्याच फोल्डरात 'एक्स्टेन्शन्स डॉट जेसन' ठेवून लागणाऱ्या एक्स्टेन्शनची शिफारसही करता येते.

आता आवृत्तीचा मुद्दा. प्रेटियरचं एक्स्टेन्शन आधी प्रोजेक्टमधला प्रेटियर शोधतं आणि तो नसेल तरच स्वतःसोबत आणलेला वापरतं. ब्लॅकचं एक्स्टेन्शन याच्या उलट वागतं. ते मूळ सेटिंगमध्ये स्वतःचाच ब्लॅक चालवतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट स्ट्रॅटेजी' शोधून ती 'फ्रॉम एन्व्हायर्नमेंट' करा. टर्मिनलवर पास होणारी फाइल सेव्ह केल्यावर वेगळी का दिसते, या कोड्यात मी एक अख्खी दुपार घालवली आहे, आणि उत्तर या एका ओळीत होतं.

प्रेटियरसाठी अजून एक टिक कामाची आहे, 'रिक्वायर कॉन्फिग'. नियमांची फाइल नसलेल्या प्रोजेक्टला मग एक्स्टेन्शन हात लावत नाही. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये छोटी दुरुस्ती पाठवताना तिथली अख्खी फाइल बदलून बसत नाही.

तरीही चालत नसेल तर तळाच्या पट्टीवरच्या 'प्रेटियर' या शब्दावर क्लिक करा. आउटपुटच्या खिडकीत तो नेमका कुठे अडला ते लिहिलेलं असतं. आणि ऑटो सेव्ह 'आफ्टर डिले'वर असेल तर आपोआप होणाऱ्या सेव्हला फॉर्मॅटिंग होत नाही. स्वतः कंट्रोल-एस दाबल्यावरच होतं. हा बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे.

जेटब्रेन्सचे एडिटर

इंटेलिजे, पायचार्म, वेबस्टॉर्म यांच्यात स्वतःचा ताकदवान फॉर्मॅटर असतो, कंट्रोल-ऑल्ट-एल वर. अडचण तीच आहे. त्याचे नियम प्रेटियर किंवा ब्लॅकशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून बाहेरचा फॉर्मॅटर जोडायचा आणि त्याच भाषेसाठी आतल्याला सेव्हच्या वाटेतून बाजूला करायचं.

सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस अँड फ्रेमवर्क्स', त्यात 'जावास्क्रिप्ट', त्यात 'प्रेटियर' असा रस्ता आहे. तिथे आपोआप शोधण्याचा पर्याय निवडा आणि 'रन ऑन सेव्ह'ला टिक करा. ब्लॅकसाठी पायचार्मच्या नव्या आवृत्त्यांत 'टूल्स'खाली 'ब्लॅक' असं स्वतंत्र पान आहे. मग 'टूल्स'मधलंच 'अॅक्शन्स ऑन सेव्ह' उघडून बघा. सेव्ह केल्यावर काय-काय चालतं त्याची पूर्ण यादी तिथे एका जागी दिसते. 'रिफॉर्मॅट कोड' आणि 'रन प्रेटियर' दोन्ही एकाच फाइलप्रकारावर चालू नाहीत ना, एवढं तिथे तपासा. एडिटरकॉन्फिगची फाइल हे एडिटर वेगळं काही न बसवता वाचतात.

व्हिम आणि निओव्हिम

प्लगइन न घालताही काम होतं. ब्लॅकसाठी कोलन, टक्का, उद्गारचिन्ह आणि त्यापुढे 'ब्लॅक -क्यू -' असं लिहिलं की पूर्ण बफर (उघडलेल्या फाइलचा मजकूर) ब्लॅकमधून गाळून परत येतो. पण सावध राहा. कोडमध्ये व्याकरणाची चूक असेल तर तुमचा कोड जाऊन त्या जागी त्रुटीचा संदेश येऊन बसतो. घाबरायचं नाही, 'यू' दाबा, सगळं परत येतं. रोजच्या वापराला मात्र ही पद्धत नको, कारण कर्सरही जागेवरून हलतो.

निओव्हिममध्ये 'कन्फॉर्म डॉट एनव्हिम' हे प्लगइन घ्या. त्याच्या सेटअपमध्ये दोनच गोष्टी लिहायच्या. 'फॉर्मॅटर्स_बाय_एफटी' या तक्त्यात कोणत्या फाइलप्रकाराला कोणता फॉर्मॅटर, आणि 'फॉर्मॅट_ऑन_सेव्ह'मध्ये किती मिलिसेकंद थांबायचं. ५०० पासून सुरुवात करा. मोठ्या फाइलींवर प्रेटियरला कधी जास्त वेळ लागतो, तेव्हा वाढवा. काही अडलं तर 'कन्फॉर्मइन्फो' ही आज्ञा कोणता फॉर्मॅटर सापडला आणि कोणता नाही ते सांगते. एडिटरकॉन्फिग निओव्हिम ०.९ पासून आपणहून वाचतो. जुन्या व्हिमवर असाल तर 'एएलई' हे प्लगइन हेच काम करतं. त्यात फिक्सरची, म्हणजे फॉर्मॅटरची, यादी द्यायची आणि 'एएलई_फिक्स_ऑन_सेव्ह' १ करायचं.

ईमॅक्स

'अॅफेलिया' हे पॅकेज बसवा आणि 'अॅफेलिया-ग्लोबल-मोड' चालू करा. याची बांधणी मला फार आवडते. सेव्ह आधी होतं, फॉर्मॅटर पाठीमागे चालतो, आणि निकाल आला की फक्त बदललेले तुकडे बफरमध्ये बसवले जातात. त्यामुळे टाइप करताना ईमॅक्स थबकत नाही आणि कर्सर होता तिथेच राहतो.

मॅकवर एक अडथळा हमखास येतो. टर्मिनलवर ब्लॅक सापडतो, पण आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या ईमॅक्सला सापडत नाही. कारण तसा उघडलेला ईमॅक्स तुमच्या शेलच्या फाइली वाचत नाही आणि प्रोग्रॅम कुठे शोधायचे हे त्याला ठाऊक नसतं. 'एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल' या पॅकेजने ते मिटतं.

बाकीचे

सब्लाइममध्ये पॅकेज कंट्रोलमधून 'एलएसपी' (एडिटरला भाषेच्या मदतनीस प्रोग्रॅमशी जोडणारं पॅकेज) आणि तुमच्या भाषेचं सर्व्हर पॅकेज बसवा, मग एलएसपीच्या सेटिंग्जमध्ये 'एलएसपी_फॉर्मॅट_ऑन_सेव्ह' चालू करा. हेलिक्समध्ये 'लँग्वेजेस डॉट टॉमल' फाइलमध्ये भाषेखाली 'ऑटो-फॉर्मॅट' ट्रू करून फॉर्मॅटरची आज्ञा द्यायची.

हाताने मांडलेला तुकडा वाचवणं

गणितातला मॅट्रिक्स रांगा-रकाने जुळवून लिहिलेला असतो आणि फॉर्मॅटर त्याचा चुराडा करतो. अशा ठिकाणी त्याला थांबवता येतं. ब्लॅकमध्ये 'एफएमटी: ऑफ' आणि 'एफएमटी: ऑन' या दोन टिपांच्या (कॉमेंट्सच्या) मधला कोड तसाच राहतो. प्रेटियरमध्ये 'प्रेटियर-इग्नोर' ही टीप पुढच्या एका रचनेपुरती चालते. क्लँगमध्ये 'क्लँग-फॉर्मॅट ऑफ' आणि 'ऑन'. यंत्राने तयार केलेल्या फाइलींसाठी मात्र टिपा नकोत, त्या 'डॉट प्रेटियरइग्नोर'सारख्या फाइलमध्ये टाका.

जुना कोड एकदाच बदलणं

चालू प्रोजेक्टमध्ये फॉर्मॅटर आणताना क्रम चुकला की त्रास होतो. पहिल्या कमिटमध्ये फक्त नियमांच्या फाइली आणि आवृत्ती. दुसऱ्या कमिटमध्ये पूर्ण प्रोजेक्टवर फॉर्मॅटर चालवून झालेला बदल, त्यात हाताने केलेलं एक अक्षरही नको. ही दोन कमिट वेगळी ठेवण्याचा फायदा ज्यांच्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) अजून उघड्या आहेत त्यांना मिळतो.

अशी ब्रँच असेल तर थेट मर्ज करू नका, प्रत्येक ओळीवर टक्कर होईल. आधी पहिलं कमिट, म्हणजे फॉर्मॅटिंगच्या लगेच आधीचं, आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करा. मग आपल्या ब्रँचवर फॉर्मॅटर चालवून कमिट करा. आता फॉर्मॅटिंगचं कमिट 'गिट मर्ज -एस आवर्स' ने मर्ज करा. याचा अर्थ, माझ्याकडे आहे तेच ठेव, पण हे कमिट आलं अशी नोंद कर. तुमच्या ब्रँचवरही तोच फॉर्मॅटर चाललेला असल्याने काही हरवत नाही. शेवटी मुख्य ब्रँच नेहमीसारखी मर्ज करा.

मग सीआयमध्ये (प्रत्येक बदल सर्व्हरवर आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) तीच '--चेक'ची आज्ञा घाला. एडिटर कोणताही असो, न फॉर्मॅट केलेला कोड तिथे अडतो, आणि पुल रिक्वेस्टवर "इथे एक स्पेस जास्त आहे" असं कोणालाही लिहावं लागत नाही.

राहिला 'गिट ब्लेम', म्हणजे कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा. मोठ्या कमिटनंतर प्रत्येक ओळीवर फॉर्मॅटर चालवणाऱ्याचंच नाव दिसायला लागतं. त्यावर 'डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' नावाच्या फाइलमध्ये त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळखक्रमांक) लिहा. हा हॅश मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाल्यानंतरचा हवा, कारण स्क्वॉश किंवा रीबेस केलं (कमिट एकत्र केली किंवा नव्याने रचली) की तो बदलतो. गिटहब ही फाइल आपोआप वाचतं. स्वतःच्या संगणकावर प्रत्येकाने एकदा 'गिट कॉन्फिग ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' आणि पुढे फाइलचं नाव अशी आज्ञा द्यावी, गिट २.२३ किंवा पुढचं असलं की झालं. त्यात '--ग्लोबल' लावू नका, नाहीतर ज्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल नाही तिथे ब्लेम चालायचंच थांबतं.